शाळेच्या कोपऱ्यावरचं पिवळं झाड

२४ ऑक्टोबर, मंगळवार

मी आणि बायको परदेशात लेकीकडे येऊन दोन दिवस झाले. पहिला झोपेतच गेला. आज सकाळी तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत चहा घेऊन उभा राहिलो आणि लक्षात आलं, समोर रस्ताभर झाडं आहेत आणि त्यांतल्या एकाचंही नाव मला येत नाही. आपल्याकडे असं होत नाही. चिंच, कडुनिंब, करंज ओळखायला थांबावं लागत नाही. गल्लीतली माणसं पाठमोरी ओळखू येतात तशी ती येतात. इथे मी लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा: ना मुलाकडचा, ना मुलीकडचा.

तीन आठवडे हाताशी आहेत. हा रस्ता आणि पलीकडची बाग, एवढ्यातली झाडं ओळखायची असं ठरवलं. पण नियमाने. वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून आयुष्य दुकानांतले काटे तपासण्यात गेलं. काटा आधी रिकामा बघायचा, मग अर्ध्या भाराला, मग पूर्ण भाराला. तिन्ही वेळा खरं बोलला तरच शिक्का. तसंच इथे पान, साल आणि फळ, तिन्ही जुळली तरच नाव लिहायचं. फोनमध्ये एक सोय आहे. फोटो काढला की नाव सांगते आणि शेजारी खात्रीचे टक्केही दाखवते. सत्तर टक्के खरा काटा मी आजवर पास केलेला नाही.

"बाबा, सुट्टीवर आलात की तपासणीवर?" ठकू म्हणाली. लेक तेवीस वर्षांची झाली तरी आमच्या तोंडी ठकूच.

ती उजाडायच्या आतच बाहेर पडली. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाचं हे तिचं दुसरं वर्ष. एवढ्या लवकर कसला वर्ग, असं विचारलं तर म्हणाली, "प्रॅक्टिकल असतं." व्यवस्थापनाला प्रॅक्टिकल असतं हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी दारात तिचे जाड तळाचे, घोट्याच्या वर येणारे बूट होते, चिखलाने भरलेले. "इथे पाऊस फार," म्हणाली. अजून एक थेंब पडलेला नाही, पण हवेचा काय भरवसा.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

पहिली फजिती. रस्त्यावरच्या थोराड झाडांची साल ढलप्यांनी गळतेय आणि खाली पिवळट चट्टे दिसतायत. सगळ्या झाडांना रोग लागलाय असं मी बायकोला ठासून सांगितलं. संध्याकाळी ठकूला नेऊन दाखवलं. तिने खोडावर तळवा ठेवला, ओळखीच्या गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

"सगळ्यांनाच झालाय?"

"सगळ्यांना."

"एकाच वेळी? आणि पानं मात्र ताटाएवढी?"

मी विचारात पडलो. रोग्याचं अंग असं भरत नाही. म्हणजे साल टाकणं हा याचा स्वभावच असणार. मग फांद्यांना लोंबणारे खरखरीत गोळे दिसले, पान पंजासारखं, आणि डोक्यात उजेड पडला: चिनार, किंवा चिनाराचा सख्खा भाऊ! माझं मीच ओळखलं. ठकूने नाव सुचवलं नाही, पण प्रश्न फार योग्य जागी विचारले. व्यवस्थापनात हेच शिकवत असावेत.

बायको नियमबियम मानत नाही. तिने झाडाचं नाव 'तुमची आत्या' ठेवलं. "सदा अंग सोलवटतंय म्हणून रड, आणि तब्येत बघा!"

२९ ऑक्टोबर, रविवार

बागेत एका झाडाखाली हिरव्या काटेरी बोंडांचा सडा होता. फोडली की आत तपकिरी, चकचकीत बी. बायको म्हणाली, "हा तर रिठ्याचा थोरला भाऊ." मी हसलो. तिने घरी येऊन बी ठेचून कोमट पाण्यात घातलं, आणि फेस आला! फोनला विचारलं तर झाड खरंच रिठ्याच्या कुळातलं निघालं. फेस ही खूण माझ्या नियमात बसत नाही, असं मी म्हणालो. "नियमच बसत नसेल," बायको म्हणाली, आणि दिवसभर मिशी नसताना मिशीवर ताव देत फिरली.

गॅलरीतली कपड्यांची दोरी सैल झाली होती. ठकूने एका हाताने अशी गाठ मारली की मी लोंबकळलो असतो तरी सुटली नसती; मग एक टोक हलकेच ओढून सोडूनही दाखवली. कुठे शिकलीस, विचारलं. "व्हिडिओ बघून." तिच्या बोटांवर ओरखडे आहेत.

कपडे धुताना बायकोने तिच्या विजारीचे खिसे उलटे केले, त्यातून लाकडाचा भुसा निघाला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नळ मोठा केला. पेन्सिलीला टोक काढत असावी. या काळातही पेन्सिल वापरते, बरं वाटलं.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

आज एक गोष्ट दिसली. ठकूला संध्याकाळी एक पांढरी गाडी सोडून गेली. चालवणारा चांगला ताडमाड उंच. खाली उतरून त्याने तिला काहीतरी सांगितलं, तिने मान हलवली, त्याने तिच्या खांद्यावर थाप मारली. वर आल्यावर मी विचारलं, "कोण गं?" "कामात... म्हणजे वर्गात असतो," ती म्हणाली आणि कान लाल झाले.

वर्गात असायला तो चाळिशीचा वाटला.

२ नोव्हेंबर, गुरुवार

पांढरी गाडी डोक्यातून काढायला झाडांकडे गेलो. ठकूचा वर्ग लवकर सुटला होता, तीही आली. शाळेच्या कोपऱ्यावर एक उंच, निमुळतं झाड आहे. पानं सुईसारखी, झुबक्या-झुबक्यांनी, आणि फांद्यांवर लहान शंकू. हे मात्र मी कॉलेजात शिकलोय: सूचिपर्णी वृक्ष, सदाहरित. पण हे सगळंच्या सगळं हळदीसारखं पिवळं पडलंय! हात लावला की सुया झडतात.

"हे मरतंय," मी म्हणालो.

"घाई नका करू बाबा. थांबून बघा ना थोडे दिवस."

"सदाहरित झाड पिवळं पडलं तर कशाची वाट बघायची?"

ती काहीतरी बोलणार होती. ओठ उघडून मिटले. मग म्हणाली, "बाबा, मला ना, तुम्हाला एक सांगायचंय," आणि तेवढ्यात वारा आला आणि आमच्या दोघांच्या डोक्यांवर सुयांचा पाऊस पडला. मी म्हटलं, "बघ! बघ कसं गळतंय!" ती हसली आणि माझ्या केसांतल्या सुया वेचत बसली. तिला काय सांगायचं होतं ते विचारायचं राहून गेलं. परत येताना आठवलं, पण तोवर ती पुढे चालत होती.

खरं लिहायचं तर, विसरलो नव्हतो. भ्यालो होतो.

५ नोव्हेंबर, रविवार

बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "तिच्याशी नुसतं झाडांबद्दल बोलू नका. तिला काही सांगायचंय. आपण निघायच्या आत तिला ते बोलू द्या."

"तुला माहीत आहे?"

"मला काय माहीत असायचंय," ती म्हणाली. ती खोटं बोलते तेव्हा सुरी जोरात चालते.

म्हणजे तोच. उंच. मी दुपारभर स्वतःशी वाद घातला. वय जास्त आहे. दुसऱ्या देशाचा आहे. शिक्षण पूर्ण व्हायचंय. पण माझी हरकत खरी किती आणि चार लोक काय म्हणतील याची किती, हे वेगवेगळं तोलून पाहिलं, आणि दुसरं पारडं जड निघालं. याची लाज वाटली. म्हणून एक वाक्य तयार केलं: "तू निवडलंस ना, मग आम्हाला मान्य आहे. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत." न्हाणीघरात आरशासमोर म्हणून पाहिलं. बाहेरून बायकोने विचारलं, "कुणाशी बोलताय?" "दाढी करतोय," म्हणालो.

७ नोव्हेंबर, मंगळवार

कोपऱ्यावरचं झाड जवळजवळ उघडं पडलं. पोरं त्याच्या खालूनच शाळेत जातात. वाऱ्याने फांदी पडली तर? बागेच्या फाटकावर पाटी आहे, धोकादायक झाड दिसल्यास नगरपालिकेच्या वृक्ष विभागाला कळवा. रात्रभर तळमळण्यापेक्षा फोन केला. जागा, अंदाजे उंची आणि बुंध्याचा घेर सांगितला. घेर आधीच फीत लावून मोजला होता. बाईंनी विचारलं, "झाड मेलंय याची तुम्हाला खात्री आहे?" मी म्हणालो, "बाई, मी स्वतः निरीक्षक आहे." शाळेजवळचं असल्यामुळे उद्याच माणसं येतील म्हणाल्या.

ठकूला सांगितलं नाही. 'थांबून बघा' म्हणाली होती, तिला वाईट वाटेल.

८ नोव्हेंबर, बुधवार

जसं झालं तसंच लिहितो.

आम्ही दोघं सकाळीच कोपऱ्यावर जाऊन उभे राहिलो. तपासणीच्या वेळी तक्रारदाराने हजर असावं, हा आमच्या खात्याचा शिरस्ता. गाडी आली. तीच पांढरी. रहदारी अडवायला रस्त्यावर नारिंगी सुळके मांडले गेले. गाडीतून उंच उतरला, आणि त्याच्या मागून हेल्मेट घातलेली ठकू.

मला फक्त दोन गोष्टी दिसल्या, ठकू आणि उंच. हेल्मेट, खांद्यावरचा दोर, कमरेचे पट्टे डोळ्यांपुढे असून दिसले नाहीत. वाटलं, अखेर ती त्याला घेऊन आली.

"बाबा," ती म्हणाली, "मला तुम्हाला कधीपासून..."

"काही सांगू नकोस," मी म्हणालो. "मला कळलंय. तू निवडलंस ना, मग आम्हाला मान्य आहे. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत."

एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मी उंचाचा हात दोन्ही हातांत घेतला. तो बावरला. ठकूला रडू फुटलं आणि ती हेल्मेटसकट माझ्या छातीवर आदळली. बायको माझ्याकडे अशी बघत होती, की लग्नात हार घालतानाही तिने इतक्या कौतुकाने पाहिलं नव्हतं.

"अहो, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"डोळे आहेत मला."

"खरंच चालेल?" ठकूने नाक ओढत विचारलं. "मी कॉलेज सोडलं तरी? फेब्रुवारीतच सोडलं, बाबा."

माझ्या आतला काटा थरथरला. कॉलेज सोडलं? "लग्नानंतरही शिकता येतं," मी म्हणालो.

"कुणाच्या लग्नानंतर?"

मी उंचाकडे मान वळवली, तसं ठकूने त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. माझ्या हातातला हात हळूच सोडवून घेत उंच म्हणाला, "माझं झालंय. दोन मुली आहेत."

बायको जमिनीवर बसली आणि पदरात तोंड घालून हसायला लागली. तिला उठवायला मला आणि नगरपालिकेला मिळून हात द्यावा लागला.

मग सगळं कळलं. ठकू वृक्ष विभागात काम करते. झाडांवर चढते, वाळक्या फांद्या उतरवते, रोग तपासते. उंच तिचा मुकादम. आधी सुट्टीतलं काम म्हणून धरलं, मग वर्गात मन लागेना. आता तिला कायम करतायत. काल कचेरीत तक्रार आली, तीत बुंध्याचा घेर सेंटिमीटरपर्यंत होता. "मला लगेच कळलं," ती म्हणाली. "मुकादम म्हणाले, तू नको येऊ, मी जातो. पण मीच येते म्हणाले."

आणि झाड? तिने एक डहाळी वाकवून नखाने साल जरा खरवडली. आत ओला, हिरवा रंग. "हा लार्च. सूचिपर्णी आहे, पण पानं गाळणारा. दर वर्षी असाच पिवळा होतो, उघडा होतो, आणि थंडी सरली की मऊ हिरवा फुटतो. हे बघा," तिने डहाळीवरचे बारीक उंचवटे माझ्या बोटाला लावले, "कळ्या आहेत."

"मग त्याच दिवशी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलं असतं, तुला कसं माहीत."

शाळेच्या खिडकीत पोरं नाकं चिकटवून बघत होती. तक्रार निकाली: झाड जिवंत.

९ नोव्हेंबर, गुरुवार

झोप लागली नाही. कॉलेज सोडल्याचा राग जितका वाटायला हवा होता तितका वाटला नाही. बायकोला मार्चपासून माहीत होतं, हे मात्र खुपलं.

मोठ्या काट्यावर वजन मधोमध ठेवून भागत नाही. चारही कोपऱ्यांवर ठेवून बघावं लागतं. मध्यावर खरा असलेला काटा कोपऱ्यात खोटं बोलतो. मी फोनवर लेकीला कायम मधोमध प्रश्न विचारले. अभ्यास ठीक? जेवतेस ना? ती 'हो' म्हणायची आणि मी पास करायचो.

संध्याकाळी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही चूक शोधली असती."

"आणि चूक नसती तर?"

"तुम्हाला सापडतेच, बाबा. आणि तुम्ही काढलेली चूक कधी खोटी नसते. त्याचीच तर भीती वाटते."

बायको मध्ये पडली. "काल मान्य आहे म्हणालात ना? मग झालं."

"ते मी दुसऱ्याच गोष्टीला म्हणालो होतो."

"म्हणजे परत घेताय?"

माझ्या मनात एकच चित्र होतं: लार्चच्या शेंड्यावर ठकू, आणि खूप खाली फरसबंद रस्ता.

ठकू शांतपणे म्हणाली, "हवं तर परत घ्या, बाबा. चुकीच्या मालावर पडलेला शिक्का मी धरणार नाही." आणि उठून भांडी घासायला गेली. पाठीमागून ती अगदी माझ्या आईसारखी दिसत होती, रागावली की भांडी घासणारी.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणालो, "मला तुझं काम बघायचंय."

"तपासायला?"

खोटं कशाला बोलू. "हो," म्हणालो.

११ नोव्हेंबर, शनिवार

बागेत बायकोच्या 'आत्या'ची, म्हणजे चिनाराची, एक मोडकी फांदी उतरवायची होती. सुळक्यांच्या अलीकडे उभा राहून पाहिलं. बायको आली नाही. तिला बघवत नाही म्हणाली. म्हणजे इतके महिने ती हे न बघता सोसत होती.

ठकूने दोर वर टाकला, ओढून घेतला. गाठ मारली. पट्ट्याची प्रत्येक कडी हाताने चाचपली. मग चढली नाही. जमिनीपासून वीतभर पाय उचलले आणि नुसती दोरावर बसली, सगळं अंग सैल सोडून. दोर कुरकुरला. तिने वर पाहिलं, खाली पाहिलं, पाय टेकले. पुन्हा तेच. मग चढली.

रिकामा, अर्धा भार, पूर्ण भार. कुणी शिकवलं हिला? मी तर घरी कधी कामाबद्दल बोलत नाही.

ती वर गेली तशी माझी मान मागे गेली. पानांआडून तिची गुणगुण ऐकू येत होती. लहानपणी चित्रं रंगवताना गुणगुणायची, तीच, बेसूर. फांदी दोराला बांधून हळूहळू खाली आली, पाळण्यातल्या बाळासारखी.

खाली उतरून हेल्मेट काढलं तर केस घामाने चिकटलेले. "काय साहेब? पास की नापास?"

"पडलीस तर?"

"पडणारच नाही असं नाही म्हणत, बाबा. पण प्रत्येक वेळी आधी खाली लटकून बघते."

"पाहिलं मी."

ती माझं तोंड निरखत होती. आरशासमोरचं वाक्य आता चालणार नव्हतं.

"बुधवारचा शिक्का रद्द," मी म्हणालो. तिचा चेहरा उतरला, तसं घाईने पुढे म्हणालो, "तो न बघता मारला होता. हा बघून मारतोय. भीती वाटते मला. ती जायची नाही. पण काम चोख आहे, ठके."

मग मला काय करावं सुचेना म्हणून तिच्या ओल्या डोक्यावर तळवा ठेवला. ती म्हणाली, "चिनारावर ठेवतात तसा ठेवलात." मुकादम दुसरीकडे बघत नाक शिंकरत होता. आता मी त्याला उंच म्हणत नाही.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

घरी पोचलो. विमानतळाकडे निघताना बॅगेची चेन फाटली, तेव्हा ठकूने तिच्याजवळचा निळा दोर काढून बॅग आवळून दिली. "घरी गेल्यावर हे टोक ओढा, एका झटक्यात सुटेल." आणि लार्चचा एक शंकू माझ्या खिशात टाकला. पान, साल, फळ. तिन्ही जुळली. नाव लिहायला आता हरकत नाही.

संध्याकाळी माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा फोन. "काय म्हणतं पोरीचं शिक्षण? मॅनेजर झाली की नाही?"

बायको कानोसा घेत होती. मी म्हणालो, "शिक्षण सोडलं तिने. झाडांवर चढते. नगरपालिकेत."

दादा ओरडलाच, "अरे, वेडा की खुळा तू? चालवून कसं घेतलंस? पडलीबिडली म्हणजे?"

"दादा, तिच्या गाठी मी स्वतः तपासल्यात."

तो आणखी बरंच बोलला. मी ऐकून घेतलं. त्याची भीतीही खोटी नाही, त्याने माझ्यासारखं तिला आधी खाली लटकून बघताना पाहिलेलं नाही एवढंच.

बॅग अजून दिवाणखान्यात तशीच उभी आहे, निळ्या दोरासकट. बायकोचा चष्मा आत आहे, माझं दाढीचं सामान आत आहे. तिने आतापर्यंत तीनदा विचारलं, "अहो, एक टोक ओढायचंय फक्त. अडलंय कुठे?"

"ओढतो," म्हणालो. एका झटक्यात सुटते, म्हणून तर ओढवत नाही.